न्यूयॉर्कचं कम्युनिटी बोर्ड: मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वीन्समध्ये राहायला आल्यावर पहिली सात वर्षं मला कम्युनिटी बोर्ड नावाचं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर काय उभं राहणार याची चौकशी करत एका संध्याकाळी मी त्यांच्या मीटिंगला जाऊन बसलो. तिथे कळलं की त्या प्लॉटवरची चर्चा तीन महिन्यांपूर्वीच आटोपली होती आणि बोर्ड आपली शिफारस पाठवून मोकळंही झालं होतं. तेव्हापासून मी नेमाने जातो. गणपतीत, डोहाळजेवणात, ७ नंबरच्या गाडीत ओळखीचे लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं एकदाच लिहून टाकावीत म्हणून हा खटाटोप.

हे आमच्या को-ऑपच्या बोर्डासारखंच असतं का?

नाही. को-ऑपचं बोर्ड तुमच्या इमारतीचं असतं. ते मेंटेनन्स वाढवतं, घर कोणाला विकायचं यावर नाक खुपसतं. कम्युनिटी बोर्ड ही शहराच्या सनदेनुसार (म्हणजे शहराच्या मूळ कायद्यानुसार) चालणारी, आपल्या भागाच्या प्रश्नांवर शहराला सल्ला देणारी सरकारी संस्था आहे. शहरात अशी ५९ बोर्डं आहेत: ब्रुकलिनमध्ये १८, क्वीन्समध्ये १४, मॅनहॅटन आणि ब्रॉन्क्समध्ये प्रत्येकी १२, स्टेटन आयलंडवर ३. प्रत्येकात जास्तीत जास्त ५० सदस्य, सगळे बिनपगारी. त्यांना निवडून देत नाहीत, बरोचा, म्हणजे शहराच्या या पाच विभागांपैकी त्या त्या विभागाचा, प्रेसिडेंट नेमतो. त्यातली निम्मी नावं सिटी कौन्सिलच्या सदस्यांनी, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवकांनी, सुचवलेली असतात.

याची सुरुवात १९५१ सालची. मॅनहॅटनचे तेव्हाचे बरो प्रेसिडेंट रॉबर्ट वॅग्नर यांनी आपल्या बरोत १२ सल्लागार मंडळं नेमली. १९६३ च्या सनदेने ती कल्पना साऱ्या शहराला लागू केली आणि १९७५ च्या दुरुस्तीनंतर तिला आजचं रूप आलं.

माझं बोर्ड कोणतं, हे कसं कळणार?

शहराच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की कळतं. जॅक्सन हाइट्स क्वीन्सच्या ३ नंबरात, एल्महर्स्ट ४ मध्ये, फ्लशिंग ७ मध्ये, बेलरोझ आणि फ्लोरल पार्कचा शहरातला भाग १३ मध्ये. सरकारी नकाशावर ४०३ असा आकडा दिसला तर गोंधळू नका: ४ म्हणजे क्वीन्स आणि पुढचा ०३ म्हणजे बोर्ड तीन. तुमच्या नगरसेवकाच्या मतदारसंघाचा नंबर वेगळा, पोलिस प्रीसिंक्टचा वेगळा, शाळेच्या डिस्ट्रिक्टचा आणखी वेगळा. या चारांच्या सीमा कागदावर एकमेकींना सारख्या छेदत असतात.

हिक्सव्हिल आणि न्यू हाइड पार्कच्या मंडळींनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. ते नॅसॉ काउंटीत येतं, शहराची ही व्यवस्था तिथे नाही.

बोर्डाच्या हातात नेमके अधिकार काय?

खरं सांगायचं तर जवळजवळ काहीच नाहीत. बोर्ड ठराव करतं आणि त्या ठरावाला शिफारशीची किंमत असते. ती मानायचं बंधन कोणावरही नाही.

दोन उदाहरणं देतो. ‘बुलेव्हार्ड ऑफ डेथ’ असं नाव पडलेल्या क्वीन्स बुलेव्हार्डवर सायकलमार्ग आखायचा होता. २०१६ च्या मे महिन्यात क्वीन्सच्या ४ नंबर बोर्डाने रस्तासुरक्षेची योजना मंजूर केली, पण सायकलमार्ग वगळून. लगेच महापौर बिल डी ब्लासिओ यांनी जाहीर केलं की काम सायकलमार्गासकट होणार. झालंही तसंच. दुसरं उदाहरण घरबांधणीच्या नियमांचं. ‘सिटी ऑफ येस’ या शहराच्या योजनेतला, नवी घरं बांधणं सोपं करणारा तो प्रस्ताव २०२४ मध्ये सगळ्या बोर्डांपुढे आला. क्वीन्समधल्या बहुतेक बोर्डांनी कडाडून विरोध केला, तरी ५ डिसेंबरला सिटी कौन्सिलने तो ३१ विरुद्ध २० मतांनी मंजूर केला.

मात्र तो जसा आला होता तसा मंजूर झाला नाही. नव्या इमारतींना पार्किंग ठेवण्याची सक्ती साऱ्या शहरातून उठणार होती, ती शेवटी काही भागांतून उठली आणि काही भागांत कायम राहिली. त्या पार्किंगसाठी क्वीन्समधल्या शाळांच्या हॉलमध्ये महिनोन्महिने घसा कोरडा करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हवं होतं ते सगळं मिळालं नाही, पण जे मिळालं ते घरी बसून नक्कीच मिळालं नसतं.

मग जायचं तरी कशाला?

दोन कारणं. पहिलं, बातमी आधी कळते. रस्त्याची आखणी, नवी इमारत, बारचा परवाना, बेघरांसाठीच्या शेल्टरची जागा यांतलं बरंच काही वर्तमानपत्रात येण्याआधी इथल्या कार्यक्रमपत्रिकेवर येतं. फुटपाथभोवती हिरवं प्लायवूड उभं राहिलं की लोक विचारायला लागतात, तोवर उशीर झालेला असतो.

दुसरं कारण, नोंद होते. तुम्ही बोललात, पत्र दिलंत, तर ते कागदावर येतं. पुढे सिटी प्लॅनिंग कमिशन किंवा नगरसेवक निर्णय घेतो तेव्हा त्याच्यासमोर तो कागद असतो. नगरसेवकाला बोर्डाचा ठराव झुगारता येतो, पण हॉलमध्ये साठ माणसं आली होती आणि त्यांतली पन्नास विरोधात बोलली, हे त्याला विसरता येत नाही. त्याला पुन्हा निवडून यायचं असतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव हात वर करून मंजूर झाला की विषय संपतो, अशी आपल्याला सवय असते. इथे बोर्डाचं मत म्हणजे पहिली पायरी.

कचरा उचलला नाही, दिवा बंद आहे. बोर्डाला फोन करू का?

आधी ३११, म्हणजे शहराचा तक्रारींचा फोन नंबर. ही सेवा २००३ पासून आहे आणि १७५ हून अधिक भाषांत दुभाष्या मिळतो. शहराबाहेरून फोन करायचा तर २१२-६३९-९६७५. तक्रार केल्यावर मिळणारा सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं.

आठवडे गेले, तक्रार ‘क्लोज्ड’ दाखवते आणि खड्डा तसाच आहे, अशा वेळी बोर्डाच्या ऑफिसला फोन करा. तिथे डिस्ट्रिक्ट मॅनेजर असतो. त्याला पगार असतो, हाताखाली दोन-तीन माणसं असतात. स्वच्छता, वाहतूक, पार्क, पोलिस अशा खात्यांच्या स्थानिक अधिकाऱ्यांना तो दर महिन्याला एका टेबलापाशी बसवतो. त्या बैठकीला डिस्ट्रिक्ट सर्व्हिस कॅबिनेट म्हणतात. माझ्या अनुभवात बोर्डाच्या पन्नास सदस्यांपेक्षा या एका माणसाशी ओळख जास्त उपयोगी पडते. तो कोणाला हुकूम देऊ शकत नाही, पण कोणाला फोन करायचा हे त्याला माहीत असतं. नंबर न घेता नुसती कैफियत घेऊन गेलात तर तोही तुम्हाला ३११ लाच पाठवेल.

आमच्या चौकात स्टॉप साइन हवा आहे.

तो वाहतूक खातं पाहणी करून ठरवतं, बोर्ड लावत नाही. अर्ज खात्याकडे करा, प्रत बोर्डाला द्या. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र जोडता आलं तर फारच उत्तम.

मीटिंग कधी असते, किती वेळ चालते?

महिन्यातून एकदा. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी घ्यायची मुभा सनदेतच आहे. वेळ बहुधा संध्याकाळी साडेसहा-सातची. जागा शाळेचं सभागृह, हॉस्पिटलचा हॉल, ज्येष्ठांचं केंद्र, जे मिळेल ते. बरीच बोर्डं ऑनलाइनही दाखवतात. साधारण दोन-तीन तास धरा. वादाचा विषय असला तर रात्रीचं जेवण विसरा.

पहिला तासभर निवडून आलेल्या लोकांचे प्रतिनिधी येऊन आपापल्या साहेबांनी काय काय केलं ते सांगतात. कंटाळवाणा प्रकार आहे. पण बोलून झाल्यावर ही तरुण मंडळी दाराशी घुटमळतात, तेव्हा त्यांना गाठा. महिनाभर ईमेलला उत्तर न देणारं ऑफिस तिथे तीन मिनिटांत कार्ड हातात ठेवतं.

आता एक गोष्ट, जी मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती. खरं काम समित्यांत होतं. जमीनवापर, वाहतूक, परवाने, पार्क, शिक्षण अशा समित्या असतात. त्यांच्या बैठकीला दहा-बारा माणसं असतात, अर्जदार समोर बसलेला असतो, प्रश्नोत्तरं होतात, अटी ठरतात. मुख्य बोर्ड त्यानंतर बहुतेक वेळा समितीने लिहिलेला ठराव जसाच्या तसा उचलून धरतं. रोजच्या धबडग्यात एकाच बैठकीला जाणं जमणार असेल तर समितीच्या बैठकीला जा.

बोलायला मिळतं का? माझं इंग्रजी यथातथाच आहे.

मिळतं. या मीटिंगा कायद्यानेच सर्वांना खुल्या असतात. बोलण्यासाठी दाराशी किंवा आदल्या दिवशी ईमेलवर नाव नोंदवायचं असतं. दोन किंवा तीन मिनिटं मिळतात आणि समोर घड्याळ चालू असतं.

इंग्रजीची काळजी करू नका. क्वीन्सच्या हॉलमध्ये अर्ध्या लोकांचं इंग्रजी कुठून ना कुठून आलेलं असतं. दुभाष्या हवा असेल तर काही दिवस आधी ऑफिसला कळवा. आपल्या लोकांची अडचण भाषेची नसून प्रस्तावनेची आहे. ‘सर्वप्रथम मी आपले आभार मानतो, मी १९९८ साली या देशात आलो’ इथपर्यंत पोहोचेतो एक मिनिट संपतं. मी स्वतः असा एकदा कापला गेलोय, मुद्द्याच्या अगदी उंबरठ्यावर.

म्हणून हे पाठ करा: नाव, राहता तो ब्लॉक, काय हवं किंवा नको, का, आणि एक डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. ‘ट्रॅफिक फार वाढलाय’ हे सगळेच म्हणतात. ‘दुपारी अडीचला शाळा सुटते तेव्हा बस दोन सिग्नल हलत नाही, हा परवाचा फोटो’ हे कोणी म्हणत नाही. म्हणणं लेखी आणलं तर आणखी बरं. एकाच मजकुराची तीस पत्रं आणण्यापेक्षा सहा माणसांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली सहा पत्रं आणा. समितीतले लोक ती वाचतात, निदान मी ज्या समितीत बसतो तिथे तरी.

शेजारी मोठी इमारत येणार म्हणतात. ती कशी थांबवायची?

आधी तिला मंजुरी लागते की नाही ते पाहा. झोनिंगमध्ये, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येतं या शहराच्या नियमांत, बसणारं बांधकाम मालक हक्काने करतो. ते बोर्डापुढे येतच नाही, तिथे आरडाओरडा व्यर्थ. झोनिंग बदलायचं असेल तर मात्र यूलर्प (ULURP) नावाची, जमीनवापराचे अर्ज टप्प्याटप्प्याने तपासण्याची प्रक्रिया लागते. तिची दिवसांची मोजणी अशी: कम्युनिटी बोर्ड ६० दिवस, बरो प्रेसिडेंट ३०, सिटी प्लॅनिंग कमिशन ६०, सिटी कौन्सिल ५०. पहिल्या दोघांचा फक्त सल्ला, बंधनकारक निर्णय नंतरच्या दोघांचा. नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात सनद बदलली आणि परवडणाऱ्या घरांच्या व छोट्या प्रकल्पांच्या काही प्रकारांसाठी जलद मार्ग आले. त्यामुळे समितीत पहिला प्रश्न हाच विचारा की हा अर्ज कोणत्या मार्गाने चालला आहे आणि घड्याळ कधी सुरू झालं.

राज्य सरकारने प्रकल्प हातात घेतला तर शहराची ही सगळी वाट टळते. लाँग आयलंड सिटीत २०१८ मध्ये अॅमेझॉनचं मुख्यालय येणार म्हणून जाहीर झालं ते असंच, यूलर्पला बगल देऊन. तिथल्या बोर्डाला त्यावर बंधनकारक तर सोडाच, नेहमीचं सल्ल्याचं मतही द्यायला मिळणार नव्हतं. लोक भडकले त्यामागे हेही एक कारण होतं. १४ फेब्रुवारी २०१९ ला कंपनीने माघार घेतली.

‘थांबवायची’ या शब्दावर माझं थोडं वेगळं मत आहे. मुलांना याच भागात घर मिळत नाही म्हणून हळहळायचं आणि प्रत्येक नव्या इमारतीला नाही म्हणायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने मी तरी करू शकत नाही. मजले, सावली, कमी भाड्याच्या घरांचं प्रमाण, बांधकामाच्या वेळा यांवर भांडा. तिथे काहीतरी पदरात पडतं.

खालच्या मजल्यावर बार येतोय.

इथे बोर्डाचा शब्द त्यातल्या त्यात वजनदार. दारूचा परवाना राज्याचं लिकर ऑथॉरिटी देतं, पण अर्जदाराला ३० दिवस आधी बोर्डाला नोटीस द्यावी लागते. ५०० फुटांच्या आत आधीच तीन किंवा जास्त बार असतील तर नव्या परवान्यात लोकहित काय आहे हे त्याला दाखवावं लागतं. शाळा किंवा प्रार्थनास्थळ त्याच रस्त्यावर २०० फुटांत असेल तर नियम अधिक कडक.

समिती बहुधा नाही म्हणत नाही, अटी घालते: इतक्या वाजता बंद, मागचं अंगण दहानंतर नाही, डीजे नाही, खिडक्या मिटलेल्या. मालक सही करतो आणि त्या अटी परवान्याला चिकटतात. तेव्हा झोपमोड नेमकी कशाने होईल हे आधी ठरवून जा आणि ती अट मागा. आणि तुम्हीच उपाहारगृह काढत असाल तर नोटीस धाडून गप्प बसू नका. समितीला या, शेजाऱ्यांना आधी भेटा. वकिलाला एकटं पाठवणारा मालक सगळ्यांच्या डोळ्यांत येतो.

गणेशोत्सव रस्त्यावर करता येईल का?

ब्लॉक पार्टी करता येते. अर्ज शहराच्या स्ट्रीट अॅक्टिव्हिटी परमिट ऑफिसकडे, किमान ६० दिवस आधी, फी २५ डॉलर. तो अर्ज बोर्डाकडे मतासाठी येतो. स्पीकर लावायचा तर प्रीसिंक्टचा वेगळा परवाना, मिरवणूक काढायची तर पोलिसांची परेड परमिट. गणपती सप्टेंबरात असले तर जूनमध्येच हालचाल करा. जुलै-ऑगस्टमध्ये बोर्डाची मीटिंग नसते, हे दर वर्षी कोणीतरी विसरतं. विसर्जनाचं बोर्डाला विचारू नका. क्वीन्सच्या दक्षिणेला असलेल्या जमैका बे या खाडीचा बराचसा किनारा केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि तिथे मूर्ती-निर्माल्य पाण्यात सोडता येत नाही.

रस्त्याला आपल्या माणसाचं नाव देता येतं?

जोडनाव देता येतं. फ्लशिंगच्या गणपती मंदिरासमोरच्या बाउन स्ट्रीटवर एप्रिल २०२२ पासून ‘गणेश टेंपल स्ट्रीट’ अशी पाटी आहे. मूळ नाव तसंच राहतं, टपालाचा पत्ता बदलत नाही. वाट अशी: सह्या गोळा करा, बोर्डाचा ठराव मिळवा, मग नगरसेवक कौन्सिलमध्ये विधेयक आणतो. त्या पाटीत मला एक गंमत वाटते. जॉन बाउन या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) माणसाने सतराव्या शतकात धर्मस्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला. त्याच्या नावाच्या खांबावर गणपती बसलाय.

शहराच्या बजेटमध्ये आमचं काही चालतं?

थोडं. प्रत्येक बोर्ड दर शरद ऋतूत आपल्या भागाच्या गरजांची यादी शहराला पाठवतं: भांडवली कामांच्या ४० पर्यंत मागण्या, चालू खर्चाच्या २५ पर्यंत. खात्यांना प्रत्येक मागणीला उत्तर द्यावं लागतं. ‘निधी उपलब्ध नाही’ हेही उत्तरच. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, पण मागणी त्याआधीच्या सप्टेंबरात समितीत मांडली तरच यादीत येते. लायब्ररीचं छप्पर, पार्कातलं स्वच्छतागृह अशी कामं वर्षानुवर्षं या यादीत वर सरकत राहतात आणि एखाद्या वर्षी नगरसेवक त्यातलं एक उचलतो.

मला सदस्य व्हायचंय. नागरिकत्व लागतं का?

नाही. शहरात राहणारा आणि त्या भागाशी घर, धंदा, नोकरी किंवा दुसरा ठोस संबंध असणारा कोणीही अर्ज करू शकतो. व्हिसावर असाल तर मनाच्या शांतीसाठी वकिलाला विचारून घ्या. अर्ज बरो प्रेसिडेंटच्या ऑफिसकडून हिवाळ्यात निघतात, नेमणूक १ एप्रिलपासून, मुदत दोन वर्षं. २०१४ च्या राज्याच्या कायद्याने प्रत्येक बोर्डावर १६-१७ वर्षांच्या जास्तीत जास्त दोघांनाही घेता येतं, तेव्हा घरात भांडखोर अकरावीवाला असेल तर त्याला पाठवा. २०१८ च्या मतदानानंतर सलग चार मुदतींची मर्यादा आली, कारण काही खुर्च्या तीस-तीस वर्षं हलत नव्हत्या.

अर्जात ‘समाजसेवेची आवड’ असं लिहू नका. कोणत्या मीटिंगांना आलात, कुठल्या विषयावर बोललात ते लिहा. आणि घाई नसेल तर आधी समितीचे सार्वजनिक सदस्य व्हा. बोर्डाबाहेरच्या लोकांना समितीत घेता येतं. मीही याच दाराने आत आलो.

मतदान चालू असताना काही जण हात वरच करत नाहीत. ते तटस्थ का?

तटस्थ म्हणून नोंदवतात खरं, पण हजर सदस्यांचं बहुमत लागतं. त्यामुळे तटस्थ मत प्रत्यक्षात विरोधातच पडतं. भिडस्त माणसं हे लक्षात घेत नाहीत. ज्याचा त्या विषयात आर्थिक हितसंबंध आहे त्याला चर्चेत बोलता येतं, मत देता येत नाही.

तिथे सगळे साठीचेच का दिसतात?

कारण संध्याकाळी साडेसहाला पाळणाघरातून मूल आणायचं नसतं ते फक्त त्यांना. हे दुखणं खरं आहे. भाड्याने राहणारे, पाळीत काम करणारे, नवे आलेले लोक बोर्डावर कमी दिसतात आणि ठरावांतही ते जाणवतं. म्हणूनच ऑनलाइन का होईना, बघा आणि लेखी म्हणणं पाठवा.

पोलिस आणि शाळा यांचं कुठे विचारायचं?

घरफोड्या, गाडीचोरी यांसाठी प्रीसिंक्ट कम्युनिटी कौन्सिलची मासिक बैठक. शाळांसाठी कम्युनिटी एज्युकेशन कौन्सिल. अशी ३२ आहेत. मालक हीट देत नसेल तर ३११.

पहिल्यांदा जाताना बरोबर काय न्यावं?

कार्यक्रमपत्रिकेचा प्रिंट, म्हणण्याच्या दोन-तीन प्रती, आणि मेमध्येसुद्धा स्वेटर, कारण शाळेच्या हॉलचा एसी कोणाच्याच ताब्यात नसतो. नाव नोंदवायच्या कागदावर आडनाव सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहा. माझं एकाच इतिवृत्तात तीन तऱ्हांनी छापलं गेलंय, आणि त्यातल्या एका तऱ्हेने मी त्या प्लॉटच्या बाजूने बोललो होतो.